वरून वाळतंय? मग खाली बघा

पाऊस सरला की आमच्याकडे येणारी पत्रं बदलतात. जूनमध्ये सगळे विचारतात काय लावू, आणि ऑक्टोबर तोंडावर आला की विचारतात काय वाचवू. यावेळी तर बहुतेकांचं दुखणं एकच, चांगलं जुनं जाणतं झुडूप, जास्वंद म्हणा, अनंत म्हणा, गुलाब म्हणा, शेंड्याकडून वाळत वाळत खाली येतंय. नर्सरीवाले याला डायबॅक म्हणतात, शेतकरी फांदीमर म्हणतात. पण हे काही एका रोगाचं नाव नाही हं, ताप जसा मलेरियाने पण येतो आणि टायफॉईडने पण, तसं हे नुसतं लक्षण आहे, आणि म्हणून "डायबॅकवर कुठलं औषध मारू" या प्रश्नाला एका ओळीत उत्तर देता येत नाही. सगळी पत्रं एकत्रच घेतली आहेत, आपल्या झाडाशी जुळेल ते बघून घ्या.

प्रश्न : मॅडम, आमच्या सोसायटीच्या गार्डनमध्ये बिल्डिंग झाली तेव्हापासूनच्या तीन गावठी लाल जास्वंदी आहेत. गेल्या वर्षी गार्डनचं सुशोभीकरण केलं, कडेने पेव्हर ब्लॉक टाकले, लाल मातीचे दोन टेम्पो मागवून सगळं लेव्हल केलं. या पावसाळ्यात एकेक फांदी वरून वाळायला लागली. माळी म्हणतो फंगस आहे, दोनदा औषध मारलं, फरक शून्य. कमिटीत आता म्हणतात की काढून टाका आणि पाम लावा. काय करावं?
(सोसायटीचे सेक्रेटरी, मुलुंड पूर्व)

उत्तर : पामचं नंतर बघू, आधी एक खुरपं घ्या आणि बुंध्याशी बसा.

पण त्याच्याही आधी वरचं काम. वाळलेल्या फांदीवर टोकापासून सुरू करून दर वीतभर अंतरावर नखाने साल जराशी खरवडा, अगदी हलक्या हाताने. तपकिरी कोरडी लागली तर तो भाग मेलेला, ओलसर हिरवी लागली तर जिवंत. असं करत करत एक जागा सापडेल जिथे तपकिरी संपतं आणि हिरवं सुरू होतं, ती जागा म्हणजे तुमचा पुरावा. तिथे फांदी आडवी कापून लाकूड बघा. लाकूड आतून एकसारखं पांढरट असेल तर ती फांदी पाण्याअभावी वाळली, आणि सालीखाली हिरवं असूनही लाकडात मात्र एका बाजूला तपकिरी पट्टा किंवा त्रिकोणी डाग उतरलेला दिसत असेल तर बुरशी आत शिरून खाली निघाली आहे. म्हणजे माळी म्हणतो ते खोटं असेलच असं नाही. लासिओडिप्लोडियासारख्या बुरश्या मेलेल्या सालीवर, जुन्या कापावर कायम असतातच, धडधाकट झाडाला त्या सहसा काही करू शकत नाहीत, झाड अशक्त झालं की घुसतात. म्हणून प्रश्न असा विचारायचा की तुमची जास्वंद इतकी वर्षं ठणठणीत होती आणि याच वर्षी अशक्त का झाली?

तुमच्या पत्रातच उत्तर आहे, दोन टेम्पो माती. जुन्या झुडपाची अन्नपाणी ओढणारी बारीक मुळं बहुतेक सगळी वरच्या फूटभर मातीत असतात, त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. त्यांच्यावर अचानक सहा-आठ इंच भर टाकली, वर चालून चालून ती दाबली, कडेने पेव्हर बसवले की पावसाचं पाणी जायचं कुठे, ते झाडाच्या आळ्यातच येऊन बसतं. मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यात आपल्या बहुतेक सोसायट्यांच्या गार्डनखाली माती कमी आणि बिल्डरने पुरलेलं डेब्रिज जास्त. मुळं गुदमरली की सडतात, सडकी मुळं पाणी ओढू शकत नाहीत, आणि मुळांपासून सगळ्यात लांब काय तर शेंडा, म्हणून पहिला तो वाळतो. गंमत म्हणजे खाली चिखल असताना वर पानं माना टाकतात, ते बघून कोणीतरी दयाळू माणूस अजून एक बादली ओततो.

तर खुरप्याने बुंध्याभोवतीची माती हळूहळू बाजूला करा, खोड जिथे रुंद होऊन मुळांत उतरतं ती जागा दिसेपर्यंत. ती जागा कायम उघडी पाहिजे, मातीत पुरलेली साल ओली राहून कुजते. एखादं पेन्सिलपेक्षा बारीक मूळ हाताशी आलं तर चिमटीत धरून ओढा. चांगलं मूळ आतून पांढरं, तुटताना कट्कन आवाज येतो. सडलेलं असेल तर वरची साल मोज्यागत चिमटीत निघून येते, मागे नुसता दोरा राहतो आणि वास आंबूस येतो. मग झाडापासून दोनेक फुटांवर फूटभर खोल खड्डा करून पाण्याने भरा, मुरू द्या, परत भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी चार-पाच तासांनी जसंच्या तसं उभं असेल तर निचरा नाही हे नक्की.

करायचं काय, तर मूळ लेव्हलच्या वर आलेली माती काढायची, निदान प्रत्येक झाडाभोवती तीन-चार फुटांचं वर्तुळ तरी मोकळं करायचं, आणि तिथून पाणी बाहेर जायला उताराचा चर काढायचा. त्यासाठी पेव्हरची एक ओळ उखडावी लागली तर उखडा, कमिटीत त्यावरून वाद होणार हे मला माहीत आहे. वाळलेल्या फांद्या हिरव्या भागात दोन-तीन इंच आत जाऊन कापा, कापावर तपकिरी डाग दिसेनासा होईपर्यंत. या महिन्यात खत काही नको, युरिया तर अजिबातच नको, मुळं अर्धी आणि वरून खताने कोवळी फूट काढायला लावायची हा झाडावर अन्याय आहे. दोन-तीन आठवड्यांनी चांगल्या कुजलेल्या शेणखतात ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) मिसळून पातळसा थर द्या, वर वाळक्या पानांचं दोन इंच आच्छादन, पण खोडापासून चार बोटं लांब.

बुंध्याशी साल सगळीकडून गोल तपकिरी झाली असेल तर मात्र ते झाड वाचत नाही. तसं असेल तर त्याच्या हिरव्या फांद्यांची पेन्सिलच्या जाडीची कलमं आजच करून ठेवा, गावठी जास्वंद फांदीपासून सहज लागते.

प्रश्न : ताई, बाल्कनीत सात-आठ वर्षांचा गुलाब आहे. दर छाटणीनंतर कापलेल्या ठिकाणापासून फांदी काळी पडत खाली येते. या वर्षी तर एक अख्खी फांदी कलमाच्या जोडापर्यंत काळी झाली. खालून मात्र एक जोरदार हिरवा फुटवा आलाय, फुलं काही येत नाहीत त्याला.
(दादरच्या एक वाचक)

उत्तर : गुलाबाचं हे अगदी पुस्तकातलं डायबॅक, आणि यात बुरशी हीच मुख्य आरोपी, पण तिला दार तुम्ही उघडून देताय. छाटणी कधी करता आणि कशाने करता हे लिहिलं नाहीत, पण माझा अंदाज की पावसातच, आणि घरातल्या कात्रीने. बोथट कात्रीने फांदी कापली जात नाही, चेंगरते, आणि चेंगरलेली साल चार दिवस ओली राहिली की बुरशीला अजून काय हवं.

मुंबईत गुलाबाची मोठी छाटणी पाऊस पूर्ण थांबल्यावर, साधारण ऑक्टोबरच्या मध्यावर. चांगला धारदार सिकेटर (छाटणीची कात्री) घ्या, प्रत्येक झाडानंतर आणि रोगट फांदी कापली असेल तर प्रत्येक कापानंतर पातं स्पिरिटने पुसा. काप बाहेरच्या बाजूला बघणाऱ्या डोळ्याच्या (जिथून नवी फूट निघते त्या उंचवट्याच्या) जरासा वर, पाव इंचावर, आणि तिरका, म्हणजे पाणी डोळ्याच्या उलट्या बाजूने ओघळतं. डोळ्याच्या वर दोन इंच खुंट ठेवायची सवय असते पुष्कळांना, तो खुंट मरतोच, कारण त्याच्यावर पान नाही की फूट नाही, त्याला कोणी पोसत नाही, आणि बुरशी तिथूनच खाली उतरते.

कापावर बोर्डो पेस्ट लावा. घरी करायची तर शंभर ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्धा लिटर पाण्यात, शंभर ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, वेगवेगळं भिजवून मग दोन्ही एकत्र ढवळायचं. भांडं प्लास्टिकचं किंवा मातीचं, लोखंडाचं किंवा ॲल्युमिनियमचं नको. एक लखलखीत खिळा मिनिटभर त्यात बुडवून बघा, त्यावर तांब्याचा लालसर थर चढला तर चुना कमी पडलाय, अजून थोडा घाला. त्याच दिवशी वापरून टाकायची, उरलेली उद्यासाठी ठेवली तर तिचा उपयोग नाही. हातमोजे घाला, पोरांपासून लांब ठेवा, आणि फिशटँकजवळ तर हे काम करूच नका, मोरचूद माशांना विषारी. एवढा उपद्व्याप नको असेल तर बाजारात कॉपर ऑक्सिक्लोराइड मिळतं, थोड्या पाण्यात घट्टसर कालवून ब्रशने लावलं तरी चालतं. ज्याच्या नावावर हे बोर्डो आहे ते फ्रान्समधलं शहर, तिथल्या मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाने १८८५ मध्ये द्राक्षाच्या केवडा रोगावर याचा उपाय जाहीर केला, आणि आज नाशिक-सांगलीचे द्राक्षवालेसुद्धा तेच वापरतात. एवढं जुनं औषध आहे, उगाच नवीन महागड्या बाटल्यांच्या मागे लागू नका.

खालच्या फुटव्याबद्दल. तो कलमाच्या जोडाच्या खालून आलाय म्हणजे तुमचा गुलाब नाही, ज्यावर कलम बांधलंय तो खालचा जंगली खुंट आहे. वरचं कलम आजारी पडलं की हा जोर धरतो. मुळापाशी माती बाजूला करून जिथून निघालाय तिथूनच हाताने खाली ओढून काढा, नुसता वरून कापला तर दुप्पट फुटेल. आणि जोडाच्या वर एकही हिरवा डोळा उरला नसेल तर आता नवीन गुलाबच आणा, त्याच मातीत लावू नका म्हणजे झालं.

प्रश्न : काकू, माझ्या आजीची जास्वंद आहे, ती गावाला गेली आणि सांभाळायचं माझ्यावर आलं. शेंडे चुरगळून गोळा झाल्यासारखे झालेत, मग वाळतात. पांढरा कापूस चिकटलाय, मुंग्या पण खूप आहेत. आजी यायच्या आत बरं व्हायला पाहिजे नाहीतर माझी खैर नाही.
(कॉलेजचा विद्यार्थी, घाटकोपर)

उत्तर : घाबरू नकोस, आजी यायच्या आत निदान नवी पालवी तरी दाखवता येईल. हा कापूस म्हणजे मिलीबग, आपल्याकडे पिठ्या ढेकूण म्हणतात. जास्वंदीवर येणारा गुलाबी मिलीबग रस शोषताना लाळेतून असं काही सोडतो की शेंडा वाढायचा थांबून चुरगळतो, आणि पुढे वाळतो. मध्यंतरी मुंबईत रस्त्यांवरचे मोठमोठे पर्जन्यवृक्ष वाळायला लागले होते तेव्हाही मिलीबगचंच नाव पुढे आलं होतं, त्यामुळे किडा छोटा म्हणून सोडून द्यायचं नाही.

चुरगळलेले शेंडे सरळ होत नाहीत, चार-पाच इंच खालून कापून प्लास्टिकच्या पिशवीत घाल, तोंड बांध आणि कचऱ्यात दे. कुंडीजवळ टाकून ठेवलेस तर संध्याकाळपर्यंत सगळे चालत परत वर येतील. राहिलेल्या फांद्यांवर पाण्याचा जोरदार फवारा, पानाच्या खालून आणि फांद्यांच्या बेचक्यात. जिथे तरीही चिकटून बसलेत तिथे स्पिरिटमध्ये कापूस बुडवून पुसून घे. मग संध्याकाळी, उन्हात नाही, लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडासा लिक्विड सोप घालून फवार, तेल पाण्यात आपोआप मिसळत नाही म्हणून आधी सोप आणि तेल एकत्र फेटायचं. आठ-दहा दिवसांनी परत, असं तीनदा तरी, कारण अंडी त्या पांढऱ्या पिशवीच्या आत असतात आणि पहिल्या फवाऱ्यात मरत नाहीत.

मुंग्यांचं मात्र विसरू नकोस. मिलीबगच्या अंगातून गोड चिकट पाणी येतं, ते खायला मुंग्या येतात आणि त्याबदल्यात त्याच्या शत्रूंना हाकलतात, शिवाय त्याची पिल्लं एका फांदीवरून दुसरीकडे नेतात. खोडाभोवती कागद किंवा टेप गुंडाळून त्यावर ग्रीस लाव (सालीवर डायरेक्ट लावू नको), आणि फांदी ग्रिलला, भिंतीला, कपड्याच्या दोरीला टेकत असेल तर ती आधी कापून टाक, नाहीतर मुंग्या तिथून पूल करतात.

आणि एक बघ. मिलीबगच्या घोळक्यात त्याच्याचसारखी पांढरी पण दुप्पट-तिप्पट मोठी, झिपऱ्या झिपऱ्या असलेली आणि जरा भराभर चालणारी अळी दिसली तर तिला हात लावू नको. ती क्रिप्टोलीमस नावाच्या ढालकिड्याची अळी, मिलीबग खाऊनच जगते. १८९८ मध्ये हा किडा ऑस्ट्रेलियातून मुद्दाम आपल्या देशात आणला होता, कीड खाण्यासाठीच. त्या दिसल्या की फवारा थांबव, त्या काम करतायत.

प्रश्न : बिल्डिंगचं रिपेअर आणि रंगकाम झालं, त्यानंतर आमच्या खाली लावलेल्या जुन्या अनंताची नवी पानं पिवळी येतात, शिरा तेवढ्या हिरव्या. मग टोकाकडून काड्या वाळतात. एक्झोराचंही तेच. शेणखत घातलं, उपयोग नाही.
(वाचक, विलेपार्ले)

उत्तर : पत्र वाचतानाच वाटलं, प्लास्टरवाल्यांनी उरलेला सिमेंटचा माल अनंताच्या बुडाशी धुतला असणार. परांची उतरली की बघायला कोण जातं. सिमेंट आणि चुन्याने माती अल्कधर्मी होते, आणि अनंत, एक्झोरा यांना लागते आम्लधर्मी. मातीत लोह असतं, पण अशा मातीत ते विरघळत नाही, मुळांना मिळत नाही. लोहाची कमतरता कशी ओळखायची, तर पिवळेपणा *नव्या* पानांत आधी येतो आणि शिरा हिरव्या राहतात. जुनी खालची पानं आधी पिवळी होत असतील तर ती नत्राची किंवा मॅग्नेशियमची बाब. पानं अशी पिवळी राहिली की झाडाला पुरेसं अन्न तयार करता येत नाही आणि मग शेंडे सोडून द्यायला लागतं.

शेणखताने हे बरं होत नाही. आधी बुडाजवळची वरची चार-सहा इंच माती हाताने काढा, सिमेंटचे खपले असतील ते सगळे वेचा, मुळं न तोडता. नवी माती घाला, लाल माती आणि पानांचं कुजलेलं खत मिसळून. मातीत नुसतं हिराकस (लोहाचा क्षार) टाकून भागत नाही, तुमच्या मातीत चुना शिल्लक आहे तोपर्यंत त्याचं लोह परत अडकून बसतं, म्हणून सध्या चिलेटेड आयर्न (अडकून न बसणाऱ्या रूपातलं लोह) घ्या आणि पाकिटावरच्या प्रमाणात पानांवर फवारा, सकाळी लवकर. नवी पानं हिरवी यायला लागली की निदान बरोबर. तसं झालं नाही तर बाजूला एक-दोन बारीक मुळं उकरून बघा, त्यावर मण्यांसारख्या गाठी असतील तर ते सूत्रकृमी (मुळांत शिरणारे बारीक जंत), मग निंबोळी पेंड मातीत मिसळा आणि परत लिहा.

पुढच्या वेळी परांची बांधायच्या आधी झाडांभोवती ताडपत्री आणि कॉन्ट्रॅक्टरच्या करारात एक ओळ, एवढं सेक्रेटरींना सांगून ठेवा.

प्रश्न : वर्सोव्याला सातव्या मजल्यावर बाल्कनीत तगर आणि मोगरा. फक्त समुद्राच्या बाजूची टोकं करपतात, आतली बाजू हिरवीगार. रोग आहे का?
(वाचक, वर्सोवा)

उत्तर : नाही. रोग दिशा बघून येत नाही. पावसाळ्यात नैऋत्येचा वारा समुद्राचे खारे तुषार उडवत आणतो, पाऊस असतो तोवर धुतलं जातं, उघडीप पडली की मीठ पानावर सुकतं आणि कडा-टोकं करपतात. उघडीप असली की पानं साध्या पाण्याने धुवा, पाणी टँकरचं किंवा बोअरवेलचं असेल तर तेही खारट असू शकतं हे लक्षात ठेवा. त्या बाजूला आडोसा म्हणून बोगनवेल किंवा कण्हेर लावा, दोघंही खारं वारं सोसतात. करपलेली टोकं आत्ता नाही, नव्या पालवीच्या वेळी कापा. आणि हो, मोगऱ्याच्या शेजारी एसीचं आउटडोअर युनिट आहे का तेवढं बघा, त्याची गरम हवा पण बरोब्बर एकाच बाजूचे शेंडे वाळवते आणि नाव येतं समुद्राचं.

प्रश्न : गच्चीवर ड्रममध्ये लिंबाचं झाड, भरपूर लिंबं द्यायचं. आता वरच्या फांद्या वाळतात, पानं पिवळी, खोडावर जमिनीलगत डिंकासारखं काहीतरी ओघळलंय.
(वाचक, गिरगाव)

उत्तर : तो डिंकच आहे आणि रोगाचं नाव पण तेच, डिंक्या. फायटोप्थोरा नावाच्या, मातीतून आणि साठलेल्या पाण्यातून येणाऱ्या बुरशीसारख्या जंतूचा हा रोग, विदर्भातल्या संत्रेवाल्यांना विचारा त्याने किती बागा घालवल्यात. डिंकाखालची साल सुरीने खरवडून काढा, तपकिरी भाग संपून चांगली साल लागेपर्यंत आणि त्याच्या पुढे अर्धा सेंटिमीटर. काढलेले तुकडे ड्रममध्ये पडू देऊ नका. जखम एक दिवस सुकली की बोर्डो पेस्ट, जमिनीपासून दीड-दोन फुटांपर्यंत सगळ्या खोडाला. कलमाचा जोड मातीत गाडला गेला असेल तर माती कमी करा.

ड्रम उचलून बघा, म्हणजे चार माणसं लावून उचला. गच्चीच्या लादीवर सपाट टेकलेला असेल तर खालची भोकं बंद होतात आणि तळाला सहा इंच पाणी साठून राहतं. विटांवर ठेवा, भोकं गजाने मोकळी करा. डिंकाऐवजी खोडावर भुशाची, विष्ठेची तपकिरी जाळी पसरलेली दिसत असेल तर मात्र ती साल पोखरणारी अळी, जाळी झाडून टाकून आत जाणारं भोक शोधा, त्यात तार घाला, रॉकेलमध्ये बुडवलेला कापूस कोंबून वरून चिखलाने लिंपा.

प्रश्न : मे महिन्यात आमचा पारिजातक वाळला म्हणून तोडायला निघाले होते, शेजारणीने अडवलं. आता ढिगाने फुलं पडतायत. पुढच्या वेळी ओळखायचं कसं?
(वाचक, भांडुप)

उत्तर : शेजारणीला फुलं द्या रोज. पारिजातक उन्हाळ्यात पानं टाकतो, त्यात काही विशेष नाही. वर मुलुंडकरांना सांगितली तीच नखाची परीक्षा, साल खरवडून हिरवी लागली तर झाड झोपलंय. फांदी वाकवून पण कळतं, जिवंत फांदी वाकते आणि मेलेली मोडते. आणि सोसायटीतलं झाड असं मनाने तोडता पण येत नाही, १९७५ च्या राज्याच्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली आधी महापालिकेची परवानगी घ्यावी लागते.

प्रश्न : कंपाउंडला कामिनी आणि डुरांटाचं जुनं कुंपण आहे, माळी दर महिन्याला मशीनने वरून सारखं करतो. बाहेरून हिरवं दिसतं पण आत हात घातला तर सगळ्या काड्या वाळलेल्या, आणि खालचे दीड फूट तर उघडेच पडलेत. मधल्या एका कण्हेरीच्या फांद्या पण वाळल्या आहेत. सगळं एकदाच बुडापासून कापलं तर नवीन फुटेल का? कापलेलं जाळलं तर चालेल?
(वाचक, बोरिवली)

उत्तर : कुंपणाच्या आतलं वाळणं हा रोग नाही, अंधार आहे. वरून सारखं सारखं एकाच लेव्हलला छाटलं की बाहेर पानांची दाट गादी तयार होते, आत ऊन आणि वारा जात नाही, आतल्या काड्यांवरची पानं गळतात आणि बिनपानाची काडी झाड पोसत नाही. शिवाय पावसात आत ओल कोंडून राहते आणि तिथे खरी बुरशी पण सुरू होते. मशीनने काम भराभर होतं, पण मशीन फक्त बाहेरचं कापतं.

सगळं एकदम बुडापासून कापू नका, जुन्या झाडाला तो धक्का झेपेलच असं नाही आणि मध्ये कंपाउंड उघडं पडेल ते वेगळं. नोव्हेंबरात हाताने, सिकेटर आणि लहान करवत घेऊन, सगळ्यात जुन्या जाड फांद्यांपैकी साधारण एक तृतीयांश जमिनीपासून वीतभर उंचीवर कापा, बाकीच्या राहू द्या. आत ऊन गेलं की बुडातून नवे फुटवे येतात. पुढच्या वर्षी आणखी एक तृतीयांश, त्याच्या पुढच्या वर्षी उरलेला. आणि कुंपणाचा आकार वर अरुंद, खाली रुंद ठेवा, आपल्याकडे नेमकं उलटं असतं, वरची गादी खालच्यावर सावली धरते म्हणून खालचे दीड फूट उघडे पडतात. माळी कुरकुर करेल की यात वेळ जातो. त्याला या कामाचे वेगळे पैसे द्या, दर महिन्याच्या पगारात त्याच्याकडून हे मागणं बरोबर नाही.

जाळण्याचं म्हणाल तर कण्हेर अजिबात जाळू नका. तिचं पान, फूल, चीक, लाकूड सगळं विषारी, धूरसुद्धा त्रासदायक. कापताना हातमोजे घाला, चीक डोळ्याला लागू देऊ नका, कापलेल्या फांद्या मुलं किंवा गाईगुरं पोचतील अशा ठिकाणी ठेवू नका. बाकीच्या रोगट काड्याही घरच्या कंपोस्टच्या बादलीत नकोत, ती बादली बुरशी मरण्याइतकी तापत नाही. सगळं एकत्र बांधून वॉर्डातल्या कचऱ्याच्या गाडीला द्या, बागेचा कचरा वेगळा आहे असं सांगून.